शुद्धिपत्राची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारचा 'घरोघरी संपादक' हा अग्रलेख वाचला. वर्तमानपत्रं सोडून स्वतःची न्यूजलेटरं काढणारे लेखक आणि त्यांच्यामागे जाणारे वाचक यांच्यावर तो होता. मथळा झकास आहे. ज्याने दिला त्याला माझा निरोप सांगा. त्या घरोघरच्या संपादकांपैकी मी एक. २६ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे द्यायच्या टेबलावर काढली, त्यातली १९ रात्रपाळीत. गेली चार वर्षं जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसून दर रविवारी सकाळी सात वाजता ईमेलने एक न्यूजलेटर पाठवते. अंदाजपत्रकं, लेखापरीक्षणाचे अहवाल, कर्जरोख्यांची माहितीपत्रकं, असं जे कुणी आपण होऊन वाचत नाही ते वाचायचं आणि साध्या मराठीत सांगायचं, एवढाच उद्योग. १,८७० जण ते मागवतात. त्यांतले १४३ वर्गणी भरतात. तुमच्या खपापुढे हा आकडा खिजगणतीतही नाही, पण अग्रलेख आमच्यावर होता, म्हणून उत्तर द्यायचा हक्क घेते.

आधी चूक. सवय जात नाही, काय करणार. दुसऱ्या स्तंभात तुम्ही लिहिलंय की न्यूजलेटर चालवणारी कंपनी वर्गणीचा बहुतेक भाग ठेवून घेते आणि लेखकाच्या हाती जेमतेम दहा टक्के लागतात. नेमकं उलटं आहे. सबस्टॅक ही या धंद्यातली सगळ्यांत माहितीची कंपनी. ती वर्गणीतले १० टक्के स्वतः घेते, कार्डावरून पैसे वळते करणारी कंपनी तिचा थोडा वाटा कापते, आणि उरलेलं लेखकाचं. घोस्ट नावाची ना-नफा संस्था तर वर्गणीत वाटा मागतच नाही, ठरलेलं भाडं घेते. तुमचा आकडा बरोबर, मालक चुकला.

हे कसं झालं असेल तेही मला लगेच कळलं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'दहा टक्के' पक्कं होतं, कुणाचे ते घाईत फिरलं. असं कुणाचंही होतं. पूर्वी त्या ओळीवर कुणीतरी पेन टेकवून विचारलं असतं, "दहा कुणाचे?" ते विचारणारी खुर्ची तुमच्याकडे रिकामी आहे, एवढंच मला त्या ओळीत दिसलं. आणि माझं म्हणणं त्या खुर्चीबद्दलच आहे. वाचक का गेले, लेखक का गेले याची तुम्ही कारणं दिलीत: मोबाइल, आत्मप्रौढी, आपल्याच मताचं ऐकत बसायची चटक. असतील. पण मी जे पाहिलं त्यात वाचक जायच्या आधी ती खुर्ची गेली.

मी कामाला लागले तेव्हा रात्री आम्ही चौदा जण असायचो. आमचे वरिष्ठ तांबड्या बॉलपेनने संशयाच्या जागेभोवती गोल करायचे. नुसता गोल. काय चुकलंय ते सांगायचे नाहीत. मग आपण मूळ कागद शोधायचा, वार्ताहराला झोपेतून उठवायचं, बेरीज पुन्हा करायची. एकदा एका अपघाताची बातमी होती. मथळ्यात सात मृत, चौकटीत सात, मजकुरात सात. मी सगळं जुळवून पान सोडायला निघाले, तर खालच्या नावांच्या यादीभोवती गोल. नावं मोजली. आठ भरली. एकाच माणसाचं नाव दोनदा आलं होतं, एकदा वडिलांच्या नावासकट आणि एकदा हाक मारायच्या नावाने. त्याच्या घरी सकाळी तो पेपर गेला असता. वार्ताहराला शिव्या घालायचं मनात होतं, पण वरिष्ठ म्हणाले, "त्याने दारोदार जाऊन नावं आणलीत. मोजायचं काम आपलं." या कामाला बायलाइन नसते. २६ वर्षांत माझं नाव एकदाही छापून आलं नाही, आणि आलं असतं तर काहीतरी चुकलं असाच त्याचा अर्थ झाला असता.

मी बाहेर पडले तेव्हा चौदाचे पाच उरले होते. शेवटच्या वर्षी वार्ताहराची कॉपी, म्हणजे त्याने लिहिलेला मजकूर, थेट पानात पडायची, आम्ही मथळा मावतोय का तेवढं बघायचो. शुद्धलेखन आता सॉफ्टवेअर बघतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. 'दहा कुणाचे' असं सॉफ्टवेअरने विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

हे आमच्याच दैनिकात झालं असं नाही, मोठ्यांच्या घरीही झालं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ साली आपलं स्वतंत्र कॉपी डेस्क मोडीत काढलं. शंभराहून जास्त कॉपी एडिटरांच्या नोकऱ्यांवर गदा आली. जून महिन्यात ते आणि त्यांच्यासोबत बातमीदारही कचेरीबाहेर येऊन उभे राहिले, आणि काहींनी हातातल्या फलकांवर मुद्दाम चुकीची अक्षरं लिहिली होती. डेस्कवाल्यांचा निषेध असाच असणार. जेसन ब्लेअर या वार्ताहराच्या बनावट बातम्यांनी २००३ साली त्या पत्राची नाचक्की झाली, त्यानंतर वाचकांची बाजू घेऊन पत्राचीच झडती घेणारं 'पब्लिक एडिटर' हे पद तिथे निर्माण झालं होतं. तेही त्याच २०१७ मध्ये बंद केलं. छापायच्या आधी विचारणारे गेले आणि छापल्यावर विचारणाराही गेला, एकाच वर्षात.

अग्रलेखात तुम्ही बाहेर पडलेल्या लेखकांना 'संपादन नकोसं झालेले' म्हणालात. इथे मी जरा थबकले, कारण अर्धं खरं आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांचंच घ्या. जवळजवळ २५ वर्षं न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्तंभ लिहून डिसेंबर २०२४ मध्ये ते बाहेर पडले आणि स्वतःच्या न्यूजलेटरमध्ये लिहू लागले. त्यांची तक्रार संपादनाचीच होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातली डेस्कवाली उसळली. अर्थशास्त्रातलं नोबेल मिळालं म्हणून कॉपीला हात लावायचा नाही की काय? मग पुन्हा नीट वाचलं. आकडे तपासतात म्हणून ते कुरकुरत नव्हते. पूर्वी हलका हात फिरायचा, शेवटच्या वर्षात मात्र मजकुराची धार काढली जायला लागली, आणि ती परत आणण्यात आपला वेळ जायला लागला, असं त्यांचं म्हणणं.

हे काम मी ओळखते. मी ते केलंय. एका रात्री वरून फोन आला, "जरा सौम्य करा." बातमी एका मोठ्या जाहिरातदाराच्या थकीत कराची होती. कागद पक्के होते, मीच तपासले होते. मी कंपनीचं नाव काढलं आणि तिथे 'एका खासगी कंपनीने' असं घातलं. तीन शब्द. मथळा पुन्हा बसवावा लागला, कारण नाव छोटं होतं आणि हे तीन शब्द लांब. दुसऱ्या दिवशी वार्ताहराने काही विचारलं नाही. नुसता माझ्या टेबलासमोरून पाण्याच्या कूलरकडे गेला आणि दुसऱ्या बाजूने परत आला.

त्यामुळे अ‍ॅन टेलनेस यांनी जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट सोडलं तेव्हा मला दोन्ही बाजू दिसत होत्या. २००८ पासून त्या तिथे व्यंगचित्रं काढत होत्या. बड्या धनिकांनी ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून पैशांच्या थैल्या पुढे केल्यात असं चित्र त्यांनी काढलं, आणि त्या धनिकांत पोस्टचे मालक जेफ बेझोसही होते. चित्र छापलं नाही. याच विषयावर एक स्तंभ येऊन गेला होता आणि दुसरा येणार होता, पुनरुक्ती नको, असं पानाच्या संपादकांनी सांगितलं. पुनरुक्ती हे कारण मीही दिलेलं आहे, कितीतरी वेळा, आणि बहुतेक वेळा ते खरं होतं. पण मालकाचं चित्र असेल त्या दिवशी ते खरं असूनही कुणाला पटत नाही. टेलनेस यांनी राजीनामा दिला, ते कच्चं चित्र आपल्या सबस्टॅकवर टाकलं, आणि त्याच वर्षी त्यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आकड्याभोवतीचा गोल आणि वाक्यावरची कात्री एकाच टेबलावरून निघतात, म्हणून बाहेरच्यांना दोन्ही एकच वाटतात. कंपन्यांनी काटकसरीत गोल काढणारे घरी पाठवले. कात्री ठेवली. मग लेखकाला उरलेलं संपादन म्हणजे निव्वळ कात्री, आणि त्याला ते नकोसं झालं तर त्यात नवल काय?

आणि बाहेर पडून स्वतःचं पत्र काढणं हे काही इंटरनेटने आणलेलं खूळ नव्हे. डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांच्याबद्दल छापायला जागा नव्हती त्यांनी स्वतःचं पत्र काढलं, तर त्या पत्राच्या जाहिरातीलाही जागा नव्हती. आज न्यूजलेटरवाल्यांना उपरे म्हणणाऱ्या प्रत्येक संपादकाने ही गोष्ट आठवावी.

पण माझा खरा जीव आहे तो आय. एफ. स्टोन या अमेरिकन पत्रकारावर. १९५२ च्या अखेरीस ते ज्या पत्रात होते ते बंद पडलं. कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा जमाना, डाव्या माणसाला दुसरीकडे कुणी उभं करीना. त्यांनी जानेवारी १९५३ मध्ये स्वतःचं चार पानी साप्ताहिक काढलं. वर्षाची वर्गणी ५ डॉलर, सुरुवातीला वर्गणीदार ५,३०० च्या आसपास, आणि वर्गणीचा हिशेब बायको एस्थर बघायची. १९७१ मध्ये बंद केलं तेव्हा खप ७० हजारांच्या घरात होता. स्टोन यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे पत्रकार परिषदांपेक्षा ते छापील कागदावर विसंबायचे. सुनावण्यांचे वृत्तान्त, परिशिष्टं, तळटिपा.

सप्टेंबर १९५७ मध्ये नेवाडात अमेरिकेने जमिनीखाली अणुचाचणी केली. न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या बातमीच्या शेपटाला दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या तारा होत्या: टोरांटोहून, रोमहून, की आमच्या भूकंपमापकांवर धक्का नोंदला गेला. स्टोन यांना अणुविज्ञान कळत नव्हतं. त्यांनी नुसतं कात्रण जपून ठेवलं. पुढच्या मार्चमध्ये अणुऊर्जा आयोगाने जाहीर केलं की ही चाचणी दोनशे मैलांपलीकडे कुणालाच कळली नाही. त्या वेळी चाचणीबंदीच्या वाटाघाटींचं घोडं याच प्रश्नावर अडलं होतं, की चोरून केलेली चाचणी लांबून पकडता येते का. म्हणजे 'दोनशे मैल' हा नुसता आकडा नव्हता, त्यावर राजकारण उभं होतं. स्टोन यांनी कात्रण काढलं, सरकारच्याच भूकंपशास्त्र विभागात गेले आणि विचारलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी यादीच हातात ठेवली. पार अलास्कापर्यंतच्या केंद्रांवर नोंद होती, दोन हजारांहून जास्त मैलांवर. आयोगाला आकडा दुरुस्त करावा लागला.

स्वतंत्र पत्रकारितेचं कौतुक करणारे ही गोष्ट नेहमी सांगतात. एकटा माणूस, सरकार खोटं पाडलं. मला त्यात दुसरंच दिसतं. टोरांटोची ती दोन ओळींची तार पानात टाकली कुणी? कुणीतरी रात्रपाळीवाल्यानेच टाकली असणार, बातमीचं शेपूट दोन ओळींनी कमी भरत होतं म्हणून. आम्ही असल्या तारा खिशात ठेवूनच पान लावायचो. तो माणूस टाइम्समध्ये नसता तर स्टोन यांच्या हाती कात्रण आलं नसतं.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मला फार आवडत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक कर्जावर लिहिलं होतं. व्याजदर ६ वरून ८ टक्क्यांवर गेला होता. मी लिहिलं: 'व्याजाचा बोजा दोन टक्क्यांनी वाढला.' ही चूक मी दुसऱ्यांच्या कॉपीत शेकडो वेळा पकडली असेल. शंभरावर सहाऐवजी आठ द्यायचे म्हणजे बोजा एक-तृतीयांशाने, ३३ टक्क्यांनी वाढला. दोन टक्क्यांनी नव्हे. दोनने वाढला तो दर, आणि तोही दोन टक्के-गुणांनी. शनिवारी रात्री पावणेबारा वाजता मी ते वाक्य लिहिलं, दोनदा वाचलं, आणि मला ते दोन्ही वेळा बरोबर दिसलं. स्वतःचं वाक्य स्वतःला बरोबरच दिसतं. सकाळी सात वाजता ते गेलं.

छापखान्यात निदान फोन करून मशिन थांबवता यायचं. आमच्या वेळी एकदा थांबवलंही होतं. मेल मागे घेता येत नाही. सात वीसला पहिलं उत्तर आलं, गणिताच्या एका निवृत्त शिक्षकांचं: "ताई, हे दोन टक्के कुठून आले? सहाचे आठ झाले म्हणजे तिसरा हिस्सा वाढला. या चुकीला मी मुलांचे गुण कापत असे." तोवर किती जणांनी मेल उघडलं होतं हे बघायला गेले, तर पडद्यावर आकडा भला मोठा. त्याच्यावरही विश्वास ठेवता येत नाही. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये वाचकाने उघडायच्या आधीच यंत्र चित्रं उतरवून घेतं आणि आम्हाला 'उघडलं' असं दिसतं. खप फुगवून सांगायचा रोग आमच्याकडे आपोआपच लागतो, जाहिरात विभागसुद्धा लागत नाही.

नऊ वाजता दुसरं मेल पाठवलं. विषयाच्या जागी 'चूक माझी' एवढंच, आणि आत चुकलेलं वाक्य, बरोबर वाक्य, शंभराचं उदाहरण. त्या दिवशी नऊ जणांनी यादीतून नाव काढून घेतलं, चुकीपायी की एका सकाळी दोन मेल आले म्हणून, देव जाणे.

खरी मजा पुढेच आहे. मंगळवारी एका दैनिकात (नाव लिहीत नाही, तुमचं नव्हे) त्याच कर्जाची बातमी आली. तक्ता माझा. मी ज्या क्रमाने वर्षं लावली होती तोच क्रम, मी गाळलेलं एक वर्ष तिथेही गाळलेलं. आणि शेवटी ओळ: 'व्याजाचा बोजा दोन टक्क्यांनी वाढल्याचे समजते.' समजते! कुणाला समजते? माझ्याकडून उचललं होतं रविवारी सातचं मेल, नऊचं उघडलंच नाही. मी पत्र पाठवलं, पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवलं. शुद्धिपत्र आजतागायत आलेलं नाही. उचलल्याचा राग विरला, खरंच. पण माझ्या घरात दुसरे डोळे नव्हते म्हणून चूक बाहेर पडली, आणि त्यांच्या एवढ्या मोठ्या कचेरीत दुसरे डोळे नव्हते म्हणून ती कागदावर छापली गेली, हे डोक्यातून जात नाही. माझ्याकडे ते डोळे कधीच नव्हते. त्यांनी असलेले घालवले.

त्यानंतर मी त्या शिक्षकांना गाठलं. आता दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी फोनवर सगळा अंक त्यांना वाचून दाखवते, जुन्या मुद्रितशोधकांसारखा, स्वल्पविराम-पूर्णविराम तोंडाने म्हणत. सरांना पत्रकारितेशी काही देणंघेणं नाही. त्यांचा एकच खाक्या आहे: कळलं नाही की थांबवायचं. एकदा मी वाचलं, "निधी अन्यत्र वळवण्यात आला."

"कुणी वळवला?"

"सर, तसं अहवालात दिलेलं नाही."

"मग तसं लिहा. तुमच्या वाक्यात माणूसच नाही. 'करण्यात आले', 'वळवण्यात आला', हे काय आकाशातून होतं का?"

मी २६ वर्षं 'करण्यात आले' लिहिलं. ते मराठी वृत्तपत्राचं मीठ आहे, कुणालाच दोष लागत नाही. त्या आठवड्यापासून माझ्या न्यूजलेटरात 'अहवालाने नाव दिलेलं नाही' अशी वाक्यं येऊ लागली, आणि त्यावर वाचकांची जितकी उत्तरं येतात तितकी माझ्या कुठल्याच विश्लेषणावर येत नाहीत.

म्हणून सांगते, आमच्याकडे सगळं झकास आहे असं समजू नका. गेल्या वर्षी वकिलाची नोटीस आली. दैनिकात नोटीस आली की ती कायदा विभागात जायची, आम्ही चहा प्यायचो. ही माझ्या दारात, माझ्या नावाने आली. मजकूर बरोबर होता, एकही शब्द मागे घेतला नाही. पण उत्तर द्यायला वकिलाला दिलेले पैसे म्हणजे माझी चार महिन्यांची वर्गणी. त्या लेखाचा दुसरा भाग तयार होता. तो मी पाठवला नाही. अजून पडून आहे. माझ्यावर कुणी कात्री चालवत नाही असं मी वर सुचवलं असेल तर ते खोडते.

शिवाय ज्या जागेवर आम्ही उभे आहोत ती आमची नाही. ट्विटरने २०२१ मध्ये रिव्ह्यू ही न्यूजलेटरची सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. फेसबुकने २०२१ मध्ये बुलेटिन काढलं, तेही तेवढंच टिकलं. टायनीलेटर ही तसलीच सेवा २०२४ च्या २९ फेब्रुवारीला गेली. अमेरिकन पत्रकार केसी न्यूटन यांनी जानेवारी २०२४ मध्ये सबस्टॅक सोडून आपलं 'प्लॅटफॉर्मर' हे न्यूजलेटर घोस्टवर नेलं, कारण नाझी विचारांच्या प्रकाशनांबाबत कंपनीची भूमिका त्यांना पटली नाही. वाचकांची यादी सोबत घेऊन जाता आली, एवढी या पद्धतीत मोठी सोय आहे. वार्ताहर पेपर सोडतो तेव्हा त्याचे वाचक त्याच्याबरोबर येत नाहीत. माझीही यादी मी दर महिन्याला एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवते, कपाटात दागिने ठेवतात तशी.

आणि बाहेर पडलेले सगळे बाहेरच राहतात असंही नाही. पत्रकार बॅरी वाइस २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून बाहेर पडल्या, न्यूजलेटर काढलं, त्याची 'द फ्री प्रेस' ही माध्यम कंपनी झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरामाउंट या बड्या माध्यम कंपनीने ती विकत घेऊन त्यांनाच आपल्या सीबीएस न्यूज या टीव्ही-वृत्तसंस्थेच्या मुख्य संपादक केलं. मागच्या दाराने गेलेला माणूस पुढच्या दाराने, किल्ल्या घेऊन. तेव्हा 'मुख्य धारा' आणि 'स्वतंत्र' या दोन जाती असल्यासारखा जो सूर अग्रलेखात होता, तो तेवढा सोडा.

तुमच्याकडून मला काय हवंय ते सांगते. आमच्या न्यूजलेटरांमधून काही घेतलंत तर 'समजते' लिहू नका, नाव लिहा. उपकार म्हणून नव्हे. नाव लिहायचं म्हटलं की उपसंपादक मूळ मेल पुन्हा उघडतो, आणि नऊचं मेल त्याला दिसतं. दुसरं, तुमच्याकडून गेल्या काही वर्षांत निवृत्त झालेल्या उपसंपादकांपैकी दोघांना रात्री दहा ते एक बोलवा. मला नको, माझ्या शनिवार संध्याकाळी अडकलेल्या आहेत. त्यांना मथळे द्यायला लावू नका, पानं लावायला लावू नका, तांबडं पेन द्या. सॉफ्टवेअरच्या एका वर्षाच्या परवान्यात त्यांचं मानधन निघेल की नाही ते तुमचा हिशेब विभाग सांगेल. नाही निघालं तरी बोलवा.

आणि ते दहा टक्के. शुद्धिपत्र छापाच, पण सातव्या पानावर निविदा सूचनांच्या खाली 'नजरचुकीने' म्हणून नको. चूक अग्रलेखात झाली, शुद्धिपत्र अग्रलेखाच्या पानावर, त्याच स्तंभात यावं. चुकलेलं वाक्य आधी, बरोबर वाक्य नंतर. ज्यांनी रविवारी वाचलं त्यांचे डोळे तिथेच जातील.

पत्र लांबलंय हे मला कळतं. तुमच्या जागेत मावणार नाही. कापायचं तर बॅरी वाइसचा परिच्छेद कापा, कपाटातल्या दागिन्यांचं वाक्य कापा, अपघाताची यादीही कापली तरी चालेल. 'एका खासगी कंपनीने' हा भाग कापू नका. सरांनी काल हे पत्र फोनवर ऐकलं आणि दोन जागा पकडल्या, त्या सुधारल्या आहेत. तिसरी सापडली तर गोल करून पाठवा, मी शोधते.

आपली,
एक जुनी उपसंपादक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे. छापू नये.)